दर्यातील नत्र आणि आपले शिवार

युरियाची गोणी आणावयास गेलेल्या शेतकऱ्यास अलीकडे दुकानात एक बाटलीही दाखविली जाते. बाटलीवर समुद्राच्या लाटा रंगविलेल्या असतात. आत 'समुद्री शेवाळ' आहे, ते हवेतील नत्र ओढून पिकास देते, सबब गोणी घेणाऱ्याने ही बाटलीही घ्यावी, असे सांगण्यात येते. टंचाईच्या दिवसांत तर बाटली घेतल्याखेरीज गोणी हाती पडत नाही, अशीही तक्रार आमच्या कानी येते. आमच्या मंडळाच्या कित्येक सभासदांनी आम्हांस विचारले की, समुद्रातील शेवाळ नत्र देते हे खरे काय, आणि खरे असल्यास कन्नडच्या काळ्या रानात त्याचा उपयोग काय?

प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर थोडक्यात असे : समुद्रात हवेचे नत्र बांधणारे जीव आहेत, ही गोष्ट पूर्णपणे खरी आहे. परंतु ते त्या बाटलीत नाहीत, आणि असते तरी आपल्या शेतात जगले नसते. तथापि त्यांच्या संसारापासून आपण एक धडा मात्र अवश्य घ्यावा, कारण त्याच जातीचे काम करणारे गडी आपल्या प्रत्येकाच्या बांधाआड आहेत आणि आपण त्यांस बसवून ठेविले आहे.

प्रथम समुद्राकडे वळू. आपल्या अरबी समुद्रात फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत, म्हणजे पावसाळी वारे सुटण्यापूर्वी जेव्हा पाणी शांत व स्वच्छ असते, तेव्हा गोवा व कोकणच्या किनाऱ्यापुढे पाण्यावर पिंगट, भुशासारखे पट्टे तरंगताना दिसतात. जुने दर्यावर्दी खलाशी यास 'समुद्राचा भुसा' म्हणत. हा भुसा म्हणजे ट्रायकोडेस्मियम नावाचा नील-हरित वर्गातील सूक्ष्म जीव होय. जर्मन शास्त्रज्ञ एरेनबर्ग यांनी तांबड्या समुद्रात त्यास पाहून १८३० मध्ये त्याचे नामकरण केले. गोव्यातील दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील देवासी, भट्टतिरी व कासिम या संशोधकांनी १९७८ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यावरील या फुलोऱ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा जीव हवेतील नत्र बांधतो, हे त्यापूर्वीच १९६१ मध्ये अटलांटिक महासागरातील सारगासो समुद्रात डगडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते.

उष्ण प्रदेशातील भर समुद्र हा नत्राच्या बाबतीत अगदी भुकेला असतो. वर सूर्यप्रकाश भरपूर असतो, परंतु नत्र व स्फुरद खोल, अंधाऱ्या पाण्यात पडून राहते. अशा उपाशी पाण्यात हा जीव आपली उपजीविका हवेतून काढतो. त्याकरिता त्यास दोन विद्या अवगत आहेत. एक तरंगण्याची, दुसरी नत्र बांधण्याची. या दोन्हींचा परस्परसंबंध ध्यानी घेण्यासारखा आहे.

तरंगण्याची विद्या अशी. त्याच्या प्रत्येक पेशीत अतिशय बारीक, दोन्ही टोकांस निमुळत्या अशा पोकळ नळ्या असतात. त्यांस आपण वायुकुप्या म्हणू. कुपीची भिंत केवळ प्रथिनाची असते. तिची आतील बाजू पाण्यास थारा देत नाही, परंतु वायू तिच्यातून सहज ये-जा करतात. म्हणजे फुग्याप्रमाणे हवा भरून ती फुगविलेली नसते. भिंत स्वतःच ताठ उभी असल्यामुळे पाण्याविना पोकळी राहते आणि त्या पोकळीमुळे पेशी हलकी होऊन वर येते. १८९५ मध्ये जर्मनीतील क्लेबान यांनी एक साधा प्रयोग केला. तरंगत्या शेवाळाच्या पाण्याने बाटली काठोकाठ भरून तिच्या बुचावर त्यांनी हातोडीचा ठोका दिला. त्या दाबासरशी कुप्या चेपल्या आणि तरंगणारे शेवाळ तळाशी बसले. चेपलेली कुपी पुन्हा फुलत नाही, पेशीस ती नव्याने बांधावी लागते. ट्रायकोडेस्मियमच्या कुप्या मात्र विशेष बळकट असून शंभर मीटरहून अधिक खोल पाण्याचा दाब त्या सोसतात. त्यामुळे हा जीव खाली गेला तरी वर परतू शकतो. दिवसा उन्हात साखरेसारखी द्रव्ये साठली की पेशी जड होऊन खाली उतरते आणि ती खर्ची पडली की हलकी होऊन वर येते.

वर येण्याचा हा खटाटोप कशाकरिता? उन्हाकरिता. हवेतील नत्राचे दोन अणू एकमेकांस तिहेरी गाठीने बांधलेले असतात. ती गाठ सोडविण्यास बळ लागते. एटीपी हे पेशीच्या बाजारातील ऊर्जेचे नाणे होय. नत्राचा एक रेणू बांधण्यास अशी निदान सोळा नाणी मोजावी लागतात. इतकी कमाई ऊन असल्याखेरीज होत नाही. शिवाय हे काम करणारे जे विकर आहे, त्याच्या घडणीत लोह व मॉलिब्डेनम लागते. म्हणून लोह हवे. वाळवंटातून उडून आलेली धूळ समुद्रावर पडते, तिच्यातूनही हा जीव लोह मिळवितो. पुढे स्फुरद हवे, कारण ऊर्जेचे नाणेच स्फुरदाचे आहे. आणखी एक अडचण अशी की, प्राणवायूचा स्पर्श झाला की हे विकर निकामी होते, आणि सूर्यप्रकाशात अन्न बनविणारा जीव तर स्वतःच प्राणवायू सोडीत असतो. ट्रायकोडेस्मियम यातून मार्ग काढतो तो भर दुपारी प्राणवायू निर्माण करण्याचे काम काही काळ मंदावून आणि नत्रबांधणीचे काम काही ठराविक पेशींकडे सोपवून. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. पाण्यात आयते नत्र मिळू लागले, म्हणजे नायट्रेट वा युरिया घातला, की हा जीव नत्र बांधण्याचे काम आटोपते घेतो. जे घरपोच मिळते त्याकरिता सोळा नाणी कोण मोजील?

आता दर्यातील बेवड पाहा. फुलोरा ओसरल्यावर या भुशाचे काय होते? तो कुजतो. त्यातील नत्र पाण्यात उतरते आणि मागून दुसऱ्या सूक्ष्म वनस्पती वाढीस लागतात. त्यांच्यावर बारीक प्राणी पोसतात आणि त्यांच्यावर मासळी. गोव्याच्या त्याच संशोधकांनी १९७९ मध्ये एकामागून एक येणाऱ्या जीवांचा हा क्रम नोंदविला आहे. हरभऱ्यानंतरच्या पिकास जे लाभते, तेच येथे पाण्यात घडते. एकाने बांधून ठेविले ते दुसऱ्याच्या उपयोगी पडले. दर्यासही बेवड आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

याच अरबी समुद्राच्या काठी, अलिबागजवळ थळ येथे, राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा युरियाचा मोठा कारखाना उभा आहे. तेथेही तीच गाठ सोडविली जाते. परंतु त्यास चारशे-पाचशे अंश उष्णता, शेकडो पट वातावरणाचा दाब आणि नैसर्गिक वायू लागतो. हाबर व बॉश या जर्मन शास्त्रज्ञांची ही विद्या १९१३ पासून कारखान्यात उतरली, आणि तिच्यामुळे जगातील कोट्यवधी माणसांच्या मुखी अन्न पडले, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. किनाऱ्यावर आगीच्या बळाने व पाण्यात उन्हाच्या बळाने एकच काम चालू आहे. नत्र कोठेही फुकट मिळत नाही. कोणी तरी त्याची किंमत मोजतोच.

आता बाटलीविषयी. 'शेवाळ' या एका शब्दाखाली तीन अगदी निराळ्या वस्तू येतात, आणि सर्व घोटाळा त्यातूनच होतो.

पहिली वस्तू म्हणजे बाटलीतील समुद्री शेवाळाचा अर्क. तो बहुधा खडकांवर वाढणाऱ्या मोठ्या, तपकिरी वा तांबड्या समुद्र-वनस्पतींचा काढा असतो. त्यात काही वाढीस चालना देणारी द्रव्ये असतात आणि काही पिकांस, काही परिस्थितीत, त्यांचा गुण येतोही. परंतु तो काढा आहे. त्यात जिवंत काही नाही, आणि जे जिवंत नाही ते हवेतून नत्र ओढणार कसे? अशी द्रव्ये २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत. तेव्हा घेणाऱ्याने बाटलीवरील मजकूर वाचून घ्यावा, पावती मागावी आणि नत्राच्या आशेने पैसे घालू नयेत.

दुसरी वस्तू म्हणजे भातखाचरातील निळे-हिरवे शेवाळ. हे मात्र ट्रायकोडेस्मियमचे खरे भाऊबंद होय. ढाक्यास काम करणाऱ्या पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखविले की, भाताच्या जमिनीची सुपीकता वर्षानुवर्षे टिकते याचे मोठे श्रेय या शेवाळास आहे. पुढे बनारसचे प्रा. आर. एन. सिंह व दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेतील शास्त्रज्ञ यांनी हे काम वाढविले. चांगल्या परिस्थितीत भाताच्या एका हंगामात हेक्टरी २० ते ३० किलो नत्र त्यापासून मिळते. कोकणातील बांधवांस ते उपयोगी आहे. परंतु त्यास आठवडेच्या आठवडे उभे पाणी लागते. कपाशी, मका व अद्रक यांच्या रानात पाणी उभे राहिले तर पीकच जाईल, शेवाळाची गोष्ट दूरच.

तिसरी वस्तू म्हणजे आपल्या शेततळ्यावर वा पाझर तलावावर उन्हाळ्यात येणारी हिरवी साय. हिच्यातील बरेचसे जीवही नील-हरित वर्गातील असून वर सांगितलेल्या वायुकुप्यांमुळेच ते वर तरंगतात. सकाळी वाऱ्याने ती साय एका काठास गोळा झालेली दिसते. परंतु तरंगतो तो प्रत्येक जीव नत्र बांधतोच असे नाही. मायक्रोसिस्टिस नावाचा जो प्रकार अशा साचल्या पाण्यात वारंवार आढळतो, तो नत्र मुळीच बांधीत नाही. तो आपल्याच शेतांतून वाहून आलेल्या खतावर माजतो, आणि त्याच्या अंगी विष असू शकते. ऑस्ट्रेलियात एका सरोवरावरील अशी साय पिऊन गुरे-मेंढरे दगावल्याची हकीकत जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ मध्येच प्रसिद्ध केली होती. सबब हिरवी साय गोळा झालेल्या काठावर गुरांस पाणी पाजू नये, आणि ती साय 'खत' म्हणून हातांनी उपसू नये. ती येऊ नये असे वाटत असेल, तर शेतातील खत तळ्यात जाणार नाही अशी बांधबंदिस्ती करणे हाच उपाय होय.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग समुद्राचे एवढे पुराण आम्हांस कशाकरिता सांगितले? त्याचे कारण आता सांगतो.

एका एकरावरील हवेत सुमारे ३० हजार टन नत्र उभे आहे. त्यातील चिमूटभर खाली उतरविणारे गडी आपल्या तालुक्यात पूर्वीपासून आहेत. ते तूर, मूग, उडीद, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींत राहतात. हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी १८८० नंतरच्या दशकात ही गोष्ट सिद्ध केली. पण आपल्या वाडवडिलांस ती बेवडाच्या रूपाने त्यापूर्वीच ठाऊक होती. या गाठींचा संसार समुद्रातील त्या भुशासारखाच चालतो. त्यास ऊर्जा हवी, ती झाड आपल्या पानांतून साखरेच्या रूपाने पुरविते. त्यास लोह हवे. तूर-मुगाची निरोगी गाठ नखाने फोडून पाहिली तर आत रक्तासारखा गुलाबी रंग दिसतो. तो आपल्या रक्तातील द्रव्याच्याच जातीच्या एका लोहयुक्त द्रव्याचा असून प्राणवायूस आवरून धरण्याचे काम तो करतो. त्यास स्फुरद हवे. आणि आयते नत्र भरपूर मिळाले की गाठी धरण्याचे काम मंदावते, हेही अगदी त्या सागरी जीवासारखेच. तुरीस वा मुगास युरियाची मूठ उधळणारा शेतकरी आपल्याच गड्यास रजा देत असतो.

आणि आपण तर त्या गड्यास शेताबाहेरच काढीत आहोत. पिशोर, नाचनवेल, करंजखेड, चिंचोली या भागांतून हिंडले तर खरिपात मका आणि कपाशी यांचेच राज्य दिसते. कपाशीत ठराविक अंतराने तुरीचे तास टाकण्याची रीत पुष्कळ ठिकाणी मागे पडली. मूग-उडीद घरच्या डाळीपुरते राहिले. मक्यामागे मका, कपाशीमागे कपाशी, आणि दरवर्षी युरियाची मात्रा वाढती. ही वाट आम्हांस धोक्याची वाटते.

यावर शेतकरी बांधवांचे जे आक्षेप आहेत, ते आम्ही जाणतो आणि हलके मानीत नाही. मुगाच्या तोडणीस पाऊस गाठतो. तुरीवर मर येते, शेंगा पोखरणारी अळी येते. गौताळ्याच्या पायथ्याच्या गावांत रोही व रानडुकरे उभे पीक फस्त करतात. मक्यास मात्र गिऱ्हाईक आहे आणि इथेनॉलच्या कारखान्यांमुळे ते वाढले आहे. आणि सर्वांत मोठा आक्षेप हिशेबाचा आहे. तो आम्ही स्वतःच मांडतो.

युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे सुमारे २१ किलो. मक्यास हेक्टरी १२० ते १५० किलो नत्राची शिफारस आहे. एकरी ते ४८ ते ६० किलो, म्हणजे सव्वादोन ते पावणेतीन-तीन गोण्या. तूर परिस्थिती अनुकूल असता हेक्टरी सुमारे ४० किलो नत्र बांधते. एकरी ते १६ किलो, म्हणजे पाऊण गोणी. त्यातीलही पुष्कळसे डाळीच्या दाण्यांतून घरात व बाजारात जाते. जमिनीत राहते ते गळलेल्या पानांचे व मुळांचे. तेव्हा तुरीच्या बळावर युरिया अगदी बंद करता येईल, असे जो सांगेल तो बाटली विकणाऱ्यासारखाच फसवितो. आणि पाऊण गोणीची दुकानातील किंमत ती किती? काही थोडे शेकडे रुपये देखील नव्हे. एवढ्यासाठी मका सोडून तूर लावावयाची काय?

आमचे उत्तर असे. दुकानात आपण जी किंमत देतो, ती गोणीची खरी किंमत नव्हे. तिच्या उत्पादनखर्चाचा लहानसा अंश शेतकरी देतो आणि बाकीचा मोठा भाग सरकारी तिजोरी भरते. तो कारखाना वायूवर चालतो आणि त्या वायूचा पुष्कळ भाग परदेशांतून जहाजाने येतो. जगात कोठे युद्ध पेटले किंवा समुद्रमार्ग अडला की त्याची झळ ऐन हंगामात कन्नडच्या दुकानापुढील रांगेस लागते. जी वस्तू दुसऱ्याच्या मर्जीने स्वस्त आहे, ती दुसऱ्याच्या मर्जीने महाग किंवा दुर्मिळही होऊ शकते. शिवाय अतिवृष्टीत काळ्या रानात पाणी साचले की घातलेल्या नत्राचा मोठा भाग वायुरूपाने उडून जातो. अरबी समुद्राच्या प्राणवायुहीन खोल थरांतही नत्राची अशीच गळती चालते, हे गोव्याच्या संस्थेने दाखविले आहे. गाठीत बांधलेले नत्र मात्र पाल्यातून व मुळांतून हळूहळू सुटते, एकदम धुपून जात नाही. त्यासोबत जमिनीस सेंद्रिय भर मिळते, तुरीची सोटमुळे खालचा घट्ट थर फोडतात, आणि वर तुरीचे दाणेही घरी येतात. बेवडाचे मोल केवळ नत्राच्या किलोंत मोजणे म्हणजे बैलाचे मोल त्याच्या शेणात मोजण्यासारखे आहे.

सरकारी धोरणाविषयीही स्पष्ट बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. एका हाताने युरिया स्वस्त ठेवावयाचा आणि दुसऱ्या हाताने, मे २०२१ मध्ये केल्याप्रमाणे, तुरीची आयात खुली करून पुढे ती सवलत वारंवार वाढवावयाची, या दोन गोष्टींचा परिणाम एकच होतो. जमिनीत नत्र भरणारा शेतकरी तोट्यात जातो आणि नत्र उपसणारा तरतो. शहरातील गरिबास डाळ स्वस्त मिळावी हे आम्हांसही मान्य आहे. परंतु जो पैसा गोणीवर खर्च होतो, त्यातील काही अंश कडधान्य पेरणाऱ्यास एकरी साहाय्य म्हणून द्यावा, हमीभावाची खरेदी वेळेवर सुरू करावी, आणि गोणीसोबत बाटली लादण्याची चाल कडकपणे मोडून काढावी, एवढी मागणी शेतकऱ्यांच्या प्रत्येक मंडळाने केली पाहिजे.

सरकार करील तेव्हा करील. तोपर्यंत आपल्या हातचे जे आहे ते सांगतो. प्रत्येक खातेदाराने आपल्या जिराईत रानाचा निदान चौथा हिस्सा दरवर्षी कडधान्याखाली ठेवावा आणि तो हिस्सा वर्षागणिक फिरवावा. कपाशीत तुरीचे तास पुन्हा सुरू करावेत. बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बीडीएन ७११ हे तुरीचे वाण लवकर येणारे व मर रोगास बऱ्यापैकी तोंड देणारे असल्यामुळे उशिराच्या दुष्काळातून सुटते. बियाण्यास आधी बुरशीनाशक लावावे, आणि ते सुकल्यावर शेवटी रायझोबियम, दहा किलो बियाण्यास २५० ग्रॅम या प्रमाणात, गुळाच्या थंड पाण्यात कालवून चोळावे. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे वा अन्य खात्रीचे संवर्धक घ्यावे, आणि त्यावरील मुदतीची तारीख पाहिल्याखेरीज घेऊ नये, कारण येथे आपण जिवंत वस्तू विकत घेत असतो. एकच संवर्धक सर्व कडधान्यांस लागू पडत नाही, हरभऱ्याचे तुरीस चालत नाही. पेरणीच्या वेळी स्फुरद अवश्य द्यावे. नत्र मात्र हेक्टरी २० ते २५ किलोहून अधिक देऊ नये.

पेरणीनंतर सहा आठवड्यांनी प्रत्येकाने एक परीक्षा करावी. झाड उपटू नये, कारण गाठी तुटून मातीत राहतात. कुदळीने माती सैल करून झाड अलगद काढावे, मुळे पाण्यात धुवावी आणि मोठ्या गाठी नखाने फोडून पाहाव्या. आत गुलाबी दिसले तर गडी कामावर आहे. पांढरे वा हिरवट दिसले तर तो बसून आहे. मग स्फुरद कमी पडले, पाणी साचले, की बीजप्रक्रिया चुकली, याचा शोध घ्यावा. तसेच कडधान्याच्या मागून मका घेताना एकदम युरिया तोडू नये. एका पट्ट्यात नेहमीची मात्रा आणि शेजारच्या पट्ट्यात पाऊण मात्रा देऊन दोन्हींचे उत्पन्न तराजूवर मोजावे. आपल्या रानाचा बेवड किती, हे ज्याचे त्यास अशाच रीतीने समजेल. ही मापे सभासदांनी आम्हांकडे पाठविल्यास ती या मासिकात छापण्यास आम्हांस आनंद वाटेल.

विज्ञान पुढे जातच आहे. समुद्रातीलच एका सूक्ष्म वनस्पतीच्या पेशीत नत्र बांधणारा जिवाणू इतका मिसळून गेला आहे की तो आता तिचा अवयवच झाला आहे, असे एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. उद्या एखाद्या दिवशी मका वा गहू स्वतःच नत्र बांधील, अशी आशा त्यावरून कित्येकांस वाटू लागली आहे. तो दिवस उजाडो. परंतु तो उजाडेपर्यंत कोणी त्या नावाची बाटली घेऊन दारी आला, तर त्यास नमस्कार करून वाटेस लावावे.

अरबी समुद्रातील तो भुसा ऊन गाठण्याकरिता आयुष्यभर वर-खाली येरझारा घालतो, धुळीतून लोह वेचतो आणि मिळविलेले नत्र मागच्यांच्या हवाली करून जातो. आपल्या तुरीच्या मुळाशी बसलेला गडी त्याहून सुखी आहे. त्यास ऊन झाड आणून देते, आपण फक्त मूठभर स्फुरद आणि चार तास जागा द्यावयाची आहे. येत्या खरिपात एवढे तरी प्रत्येकाने करावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.